मामाच्या ५२ मिनिटांच्या गप्पांतून अख्ख्या सीझनच्या पोस्ट: एआयकडून हे काम कसं करून घ्यायचं

मामा रेकॉर्डिंगमध्ये म्हणाला होता, "चौदा आणे तयार झालो काय काढूचो." एआयने त्यावरून इन्स्टाची पोस्ट लिहून दिली, "अस्सल देवगड हापूस आता फक्त चौदा आण्यांत! आजच ऑर्डर करा!" पुढे दोन आंब्यांचे इमोजी. टाकायच्या आधी मी वाचली म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी फोन उचलून उचलून मामी वेडी झाली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बागायतदार आंब्याची तयारी आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार, चौदा आणे म्हणजे साधारण ८५ टक्के, त्या टप्प्याला उतरवला की प्रवास सोसतो आणि घरी जाऊन नीट पिकतो. एआयला आणे म्हटलं की पैसेच आठवले, त्याचीही काय चूक म्हणा.

मामाची देवगडकडे कलमं आहेत, मी पुण्यात, आणि गेले तीन सीझन मी आणि मामेभाऊ मिळून ऑनलाइन ऑर्डरी घेतो. तो पेट्या भरतो, मी लिहायचं काम करते. लांब व्हिडिओ टाका, एआय तीस पोस्ट काढून देईल असं सगळीकडे सांगतात, आणि तो देतोही हो, तीसच्या तीस देतो, फक्त त्या जगातल्या कुणाच्याही आंब्याच्या असू शकतात. तर मी आता असं करते की काय ठेवायचं ते मी ठरवते, आणि शोधाशोध, कापाकापी, जुळवाजुळव त्याच्याकडून करून घेते. उलटं केलं की चौदा आणे होतात. खाली जे लिहिलंय ते आंब्याचं असलं तरी तुमचा योगा क्लास असो, मसाले असोत की हिशेबाची प्रॅक्टिस, क्रम तोच चालेल.

आधी बोलतं करा

लांब कंटेंट म्हणजे काहीही चालतं, जुना ब्लॉग, तासाभराचं वर्कशॉप, फेसबुकवर लिहिलेली मोठी पोस्ट. पण तुमच्याकडे कुणी तीस-चाळीस वर्षं तेच काम करणारं माणूस असेल तर त्याला बोलतं करून रेकॉर्ड करा, लिहिलेल्यापेक्षा त्यात माल जास्त असतो, कारण लिहायला बसलं की आपण सगळेच निबंध लिहितो.

मी पडवीत फोन तांब्याला टेकवून उभा केला, पंखा बंद, आणि प्रश्न विचारत गेले. प्रश्न मी मनाने काढले नाहीत, मागच्या दोन वर्षांचे गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप चाळले आणि जे परत परत आलेले तेच घेतले. आतून पांढरा का निघाला. कार्बाइडचा नाही ना. आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवू का. कर्नाटकचा आणि देवगडचा ओळखायचा कसा. मागच्या वर्षीपेक्षा महाग का. असे ११ प्रश्न झाले आणि मामा ५२ मिनिटं बोलला, मध्ये एकदा कोंबडा आरवला तो मी एका रीलमध्ये तसाच ठेवलाय.

हा प्रश्नांचा भाग कंटाळवाणा वाटतो पण इथेच अर्धं काम होतं. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असेल तर ती पोस्ट आपोआप कुणाच्यातरी कामाची असते. "मामा, आंब्याबद्दल काहीतरी सांग" असं म्हटलं असतं तर मामा "काय सांगूचा आता" म्हणून उठून गेला असता.

बोललेलं लिहून घेणं, इथे घाई करू नका

ऑडिओवरून मजकूर काढायला आता बरेच पर्याय आहेत. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं, ते बऱ्या लॅपटॉपवर फुकट चालतं आणि त्याला मराठी येतं, किंवा गूगलच्या जेमिनीसारख्या एआयला थेट ऑडिओ फाइल देता येते. पुणेरी प्रमाण मराठी असेल तर काम बऱ्यापैकी होतं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असेल तर तारांबळ उडते आणि मामा तर अर्धी वाक्यं मालवणीत, अर्धी मराठीत, वर दर तिसऱ्या वाक्यात धंद्यातला शब्द.

आमच्याकडे काय काय झालं ते ऐका. आंब्यात कधीकधी कोयीजवळचा गर पांढरट, आंबूस, स्पंजसारखा होतो त्याला साका म्हणतात, त्याचं सगळीकडे "साखर" झालं. म्हणजे मामा सांगतोय की साका बाहेरून कळत नाही आणि मजकुरात आलंय साखर बाहेरून कळत नाही. पुढे एआयने त्यावर मधुमेहवाल्यांसाठी पोस्ट सुचवली! आढी, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालतात ती, तिचं झालं "आधी". मोहोराची मोहर झाली, सोन्याची. आणि इंग्रजी कॅप्शन मागितलं तेव्हा नव्वद वर्षं जुनी कलमं म्हणजे "नाइन्टी इयर ओल्ड सेक्शन्स", जणू मामाची बाग नाही, भारतीय दंड संहिता आहे.

उपाय साधा आहे, पण तो आधीच करायचा. आपल्या धंद्यातल्या शब्दांची यादी करा आणि ऑडिओसोबतच द्या. माझी अशी होती:

"हे रेकॉर्डिंग हापूस आंब्याच्या बागायतदाराचं आहे, भाषा मराठी आणि मालवणी मिसळलेली. हे शब्द येतील: साका म्हणजे फळातला खराब झालेला पांढरा गर. आढी म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालायची रचना. कलम म्हणजे कलमी झाड. मोहोर म्हणजे आंब्याची फुलं. झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी. पायरी ही आंब्याची जात आहे. चौदा आणे ही आंब्याची तयारी आहे, किंमत नाही. जसं बोललंय तसंच लिही, मालवणीची मराठी करू नको, ऐकू आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, दर अर्ध्या मिनिटाला वेळ लिही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, वेळ असली की पुढे रील कापताना शोधत बसावं लागत नाही. "प्रश्नचिन्ह टाक" हेही विसरू नका, कारण ऐकू आलं नाही की तो गप्प बसत नाही, काहीतरी छान दिसणारं लिहून मोकळा होतो. मग हेडफोन लावून एकदा सगळं ऐका आणि हाताने दुरुस्त करा. साडेपाच हजार शब्दांना मला दोन तास लागले. कंटाळा आला तर निदान आकडे, महिने आणि जातींची नावं तरी तपासाच. आमच्यात मामाचं "दीडशे" एका ठिकाणी "दोनशे" झालं होतं.

पहिल्या वर्षी मी काय घोळ घातला

सगळा मजकूर टाकला आणि म्हटलं, यावरून २० मार्केटिंग पोस्ट बनव. वीस मिनिटं पण लागली नाहीत, वीस सेकंदात हजर. कोकणच्या लाल मातीचा सुगंध, परंपरा आणि गुणवत्तेचा संगम, उन्हाळ्याची खरी चव, आपल्या कुटुंबासाठी खास. वाचताना सगळं बरोबर वाटत होतं आणि एकही ओळ मामाची नव्हती.

का होतं ते मला नंतर एका वाक्यावरून कळलं. मामा म्हणाला होता की झेल्यातून निसटून खाली पडलेला आंबा, वरून कितीही चांगला दिसला, तरी पेटीत भरायचा नाही, आतून मार लागलेला असतो आणि चार दिवसांनी तिथे काळा पडतो, तो मामीच्या साठाला, म्हणजे आंबापोळीला, जातो. या सगळ्याचं एआयने काय केलं? "कडक गुणवत्ता तपासणी." तीन शब्द. छोटं कर म्हटलं की तो आंब्याबद्दल जे सगळेच बोलतात ते ठेवतो आणि जे फक्त मामा बोलला ते तपशील म्हणून गाळतो. आणि गिऱ्हाईक तर त्या पडलेल्या आंब्यासाठीच थांबणार आहे ना, कडक गुणवत्ता तपासणी तर वडापाववालाही लिहितो.

म्हणून आता पहिली पायरी (आंबा नव्हे) अशी की एआयकडे जायच्या आधी मी स्वतः एकदा वाचते, प्रिंट काढून, पिवळा मार्कर घेऊन. जिथे "अरे हे मला माहीत नव्हतं" किंवा "हे फक्त मामाच म्हणू शकतो" असं वाटेल तिथे रेघ. साडेपाच हजार शब्दांत १४ रेघा आल्या. या रेघा पुढे कुठेही गाळायच्या नाहीत, हा माझा नियम.

मग एआयला लिहायला नाही, शोधायला सांगा

आता तो मजकूर देऊन मी पोस्ट मागतच नाही. मागते ते असं:

"या मजकुरातून वेगवेगळे मुद्दे काढ. प्रत्येक मुद्द्यासाठी एक ओळ तुझी आणि त्याखाली बोलणाऱ्याचं मूळ वाक्य जसंच्या तसं, वेळेसकट. दोन मुद्दे सारखे असतील तर एकत्र कर. नवीन काही घालू नको. कोणत्या गिऱ्हाइकाच्या मनात कोणता प्रश्न असताना हा मुद्दा कामाचा आहे तेही लिही."

याने दोन गोष्टी होतात. एक, मी रेघ मारायला विसरले होते असे चार-पाच मुद्दे सापडतात, यात तो खरंच माझ्यापेक्षा बरा आहे, मामा एका विषयावर सुरुवातीला अर्धं बोलला आणि चाळीस मिनिटांनी उरलेलं अर्धं, ते त्याने जोडून दिलं. दुसरं, मूळ वाक्य सोबत असल्यामुळे तपासता येतं. प्रत्येक वाक्य कॉपी करून मजकुरात शोधायचं, कंट्रोल एफ. सापडलं नाही तर तो मुद्दा बाद, किंवा निदान पुन्हा ऐकायचा. मला २३ मुद्दे मिळाले, त्यातली दोन "मूळ वाक्यं" मामाने म्हटलेलीच नव्हती, छान होती, मामाला दाखवली तर तो म्हणाला, "मी असा कधी बोललंय?" काढून टाकली.

मजकूर फार लांब असेल, दोन-तीन तासांचं वर्कशॉप वगैरे, तर एकदम देऊ नका, विषयाप्रमाणे तुकडे करून द्या. मधल्या भागातलं निसटतं, शेवटचं आणि सुरुवातीचं तेवढं छान येतं.

कुठला मुद्दा कधी

हे एआयला विचारून फार उपयोग नाही, त्याला तुमचा सीझन माहीत नसतो. आमचं ढोबळ असं आहे की डिसेंबर-जानेवारीत मोहोर, तेव्हा विकायला काही नसतं पण लोकांना बाग बघायला आवडते, तर मोहोर, त्यावर पडणारी तुडतुड्यांची कीड, थंडी कमी पडली की काय होतं, हे मुद्दे तेव्हा. फेब्रुवारी-मार्चला भाव का चढा असतो ते आणि बुकिंग. एप्रिल-मे ला घरी आंबा आल्यावर काय करायचं ते. साका हा मुद्दा मी पेटी पोचायच्या वेळी ठेवते, आधी सांगितलं तर लोक घाबरतात आणि उशिरा सांगितलं तर ते सबब वाटतं.

एका साध्या शीटमध्ये मुद्दा, मूळ वाक्य, महिना, कुठे जाणार, असे चार रकाने केले की झालं. त्यासाठी वेगळं ॲप विकत घ्यायची गरज नाही, सॉफ्टवेअरवाले कितीही मागे लागू देत.

आता लिहून घ्या, पण एका वेळी एकच

एका मुद्द्यासाठी त्याला फक्त तेवढाच उतारा द्या, पूर्ण मजकूर नको. पूर्ण दिला की तो परत सगळ्याचं सार काढायला लागतो. सोबत तुमचे स्वतः लिहिलेले तीन-चार जुने मेसेज द्या, जे तुम्ही खरंच गिऱ्हाइकांना पाठवले होते, चुकांसकट. आणि नको असलेल्या शब्दांची यादी. माझ्या यादीत प्रीमियम, अस्सल चव, अनुभवा, खास तुमच्यासाठी, त्वरा करा, प्रिय ग्राहक, निसर्गाची देणगी, हे सगळे आहेत आणि दर महिन्याला एखादा वाढतो. एक वेगळी सूचना हिंदीबद्दलही द्यावी लागते, "चवीचा आनंद उठवा" असं मराठी मला एकदा मिळालंय.

पडलेल्या आंब्याच्या मुद्द्यावर पहिलं जे आलं ते:

"प्रिय ग्राहक, आमच्या कडक गुणवत्ता तपासणीमुळे तुमच्यापर्यंत पोहोचतो फक्त सर्वोत्तम हापूस! परंपरेची चव अनुभवा. आजच बुक करा!"

आणि उतारा, जुने मेसेज, नको असलेले शब्द, "मामाचे शब्द शक्यतो तसेच ठेव, एक गोष्ट सांग, शेवटी एकच विनंती" एवढं दिल्यावर दोन फेऱ्यांत हे आलं, त्यात मी तीन शब्द बदलले:

"झेल्यातून निसटून खाली पडलेला आंबा आम्ही पेटीत भरत नाही, वरून कितीही चांगला दिसू दे. आतून मार लागलेला असतो, चार दिवसांनी काळा पडतो. तो मामीच्या साठाला जातो. पहिली काढणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे, नाव लिहायचं असेल तर नुसतं 'हो' पाठवा."

हा व्हॉट्सॲपसाठी. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांपर्यंतच जाते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज मिळतो, त्यामुळे पेटीवर नंबर छापताना "सेव्ह करून ठेवा" असं लिहायला लागलो आम्ही. मोठा मेसेज अर्ध्यावर दुमडला जातो, म्हणून कामाचं वर.

इन्स्टाला तोच मुद्दा द्यायचा असेल तर मेसेज छोटा किंवा मोठा करून देऊ नका, परत मूळ उताऱ्यापासून करून घ्या. छोट्याचं अजून छोटं केलं की शेवटी नुसता रस निघून चोथा राहतो. कॅप्शनला २२०० कॅरेक्टरची जागा असते पण स्क्रोल करताना पहिली एक-दोन ओळच दिसते, तर मी त्याला पहिल्या ओळीचे दहा पर्याय मागते आणि बहुतेक वेळा अकरावी स्वतःच लिहिते, त्याचे दहा बघून आपल्याला काय नकोय ते कळतं. या वेळी "पडलेला आंबा कुठे जातो?" ही ओळ होती.

रीलसाठी एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेऊ नका प्लीज. मामासमोर स्क्रिप्ट धरली तर मामा बातम्या दिल्यासारखा बोलतो. रेकॉर्डिंगमध्येच जे आहे ते कापायचं. त्याला विचारायचं, "२० ते ४० सेकंदांचे असे तुकडे सांग जे आगापिछा न ऐकता समजतील, सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य लिही, वेळ लिही." वेळ पाच-दहा सेकंद इकडेतिकडे असते, ती ऐकून जुळवायची. मामा प्रत्येक उत्तराची सुरुवात "म्हणजे कसा हा..." अशी करतो, ती कापली की रील एकदम पळायला लागतं. आणि खाली अक्षरं मालवणीतच ठेवली, "कच्चो आंबो फ्रीजात घातलास काय तो मेलो", आमची सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेली गोष्ट तीच आहे. यूट्यूब शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतं, त्यामुळे साक्याचं पूर्ण उत्तर तिथे टाकलं, रीलमध्ये नाही.

एसएमएस आम्ही सोडून दिला, पण तुम्ही करत असाल तर एक गोष्ट माहीत हवी. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० कॅरेक्टर मिळतात, देवनागरी आली की फक्त ७०. आणि हे मोजताना काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं धरतात, म्हणजे "आंब्याची" दिसायला तीन अक्षरं आणि मोजायला आठ. एआयला "७० कॅरेक्टरमध्ये दे" म्हटलं तर तो ठामपणे ९० चं देतो आणि खाली लिहितो "७० कॅरेक्टर". तो अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. मोजायचं काम शीटमधल्या लेन (LEN) फॉर्म्युल्याला द्या. शिवाय धंद्याच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, तर दहा वेगवेगळे नमुने करून घेण्यात अर्थच नाही.

इंग्रजीत हवं असेल, आमचे बरेच गिऱ्हाईक बंगळुरू-हैदराबादचे आहेत, तर मराठी पोस्टचं भाषांतर मागू नका. मुद्दा आणि शब्दांची यादी देऊन थेट इंग्रजीत लिहायला सांगा. नाहीतर सेक्शन्स.

पेटीतली चिठ्ठी

याच्यावर जरा थांबते कारण सगळ्या तुकड्यांत मला हाच सगळ्यात उपयोगी वाटला, आणि मार्केटिंगमध्ये तो कुणी धरतच नाही. मामाची घरी आंबा आल्यावर काय करायचं त्याची नऊ मिनिटं होती, वेगवेगळ्या तीन ठिकाणी विखुरलेली. एआयला तिन्ही उतारे दिले आणि ८० शब्दांत चिठ्ठी मागितली. त्याने छान क्रम लावला आणि साक्याचं वाक्य गाळलं. विचारलं का, तर म्हणे नकारात्मक माहितीने ब्रँडवर परिणाम होऊ शकतो. हे तो नेहमी करतो, जाहिरात म्हटली की दोष झाकायचा. मी परत घालायला लावलं. शेवटी छापली ती अशी:

"आल्यावर बॉक्स उघडा, आंबे बाहेर काढा. हिरवट असतील तर पेंढ्यात किंवा कागदावर एका थरात, हवेशीर जागी. फ्रीजमध्ये नको, कच्चा आंबा थंडीने पिकत नाही, बिघडतो. रोज बघा. वास सुटला आणि दाबल्यावर थोडा नरम लागला की झाला. पिकल्यावर फ्रीज चालेल. कापल्यावर आत पांढरट, आंबूस भाग निघाला तर तो साका, बाहेरून आम्हालाही दिसत नाही. फोटो पाठवा, बदलून देऊ."

पूर्वी साका निघाला की फोन यायचा तो "फसवलंत" असा. आता फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं "हा साका का?" आणि बऱ्याचदा तो साकाच असतो.

टाकायच्या आधी

काही शब्द एआय न विचारता घालतो आणि ते आपल्या अंगाशी येऊ शकतात. "सेंद्रिय" हा पहिला. तो शब्द म्हणजे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांच्या सर्टिफिकेटची भानगड आली, आमच्याकडे ते नाही आणि मामा मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारणी करतो हे तो रेकॉर्डिंगमध्ये स्वतः सांगतो, तरी तीन पोस्टमध्ये "१०० टक्के नैसर्गिक" आलंच. "कार्बाइड-फ्री" हा दुसरा, कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे ती फुशारकी नाही, किमान अपेक्षा आहे. आमचा आंबा आढीत पिकतो एवढं लिहिलं की पुरतं. जीआयचं पण असंच, २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ते आपल्या पेटीवर मिरवायचं तर वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं सिंधुदुर्गात झाड आहे म्हणून होत नाही. आणि तब्येतीचे दावे, मधुमेहाला चालतो, प्रतिकारशक्ती वाढते, हे दिसलं की सरळ उडवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे आणि तेव्हा "एआयने लिहिलं होतं" हे कुणी ऐकून घेणार नाही.

भाव, तारखा, डिलिव्हरीचे दिवस मी एआयला लिहूच देत नाही. त्या जागी चौकट सोडायला सांगते आणि स्वतः भरते.

गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप चॅट प्रश्न काढण्यासाठी एआयला द्यायचा मोह होतो, मलाही झाला होता. द्यायचेच तर नंबर, नावं, पत्ते काढून नुसते प्रश्न द्या. लोकांनी आपल्याला पत्ता आंबे पोचवायला दिलाय.

आणि तक्रारीचं उत्तर मात्र स्वतः लिहा, किंवा सरळ फोन करा. एकदा घाईत मी एआयचं उत्तर चिकटवलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत", समोरच्या काकूंनी लिहिलं, "बाळा, तू अशी कधीपासून बोलायला लागलीस?"

एकूण हिशेब सांगायचा तर ५२ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून ९ व्हॉट्सॲप मेसेज, १२ इन्स्टा पोस्ट, ७ रील, दोन शॉर्ट्स आणि एक चिठ्ठी निघाली, म्हणजे डिसेंबर ते मे पुरलं. माझे सुरुवातीला दोन रविवार गेले, नंतर आठवड्याला अर्धा-पाऊण तास. २३ पैकी सहा मुद्दे अजून शिल्लक आहेत, ते पुढच्या वर्षी, कारण एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष बेताचं असं हापूसचं चालतंच आणि त्याबद्दल मामा जे बोललाय ते बेताच्या वर्षीच टाकायला बरं.

पुढचं रेकॉर्डिंग मामीचं आहे, साठं घालतानाचं. तयार झालीये, फक्त मे महिन्यात पंखा बंद करायचा नाही अशी अट घातलीये.